घरबसल्या डिग्री

आमच्या हॉस्पिटलच्या चेंजिंग रूममध्ये एक जुनं लोखंडी कपाट होतं. २०१० सालच्या पावसाळ्यात कुणीतरी त्याच्या दारावर एक गुलाबी कागद चिकटवला. 'नोकरी करणाऱ्या सिस्टर्ससाठी सुवर्णसंधी! घरबसल्या बी.एस्सी. नर्सिंग. फक्त एका वर्षात. हजेरीची अट नाही. फी हप्त्याने.' आणि खाली मोबाइल नंबर.

नाइट संपवून, ओव्हर देऊन मी आणि माझी मैत्रीण कपडे बदलत होतो. दोघींनी कागद वाचला आणि एकमेकींकडे पाहिलं. काही बोलायची गरज नव्हती. दोघींच्या मनातलं कुणीतरी दारावर लिहून ठेवलं होतं!

आम्ही दोघी एकाच शाळेतून जी.एन.एम. झालेल्या, २००१ सालच्या. एकत्र नोकरीला लागलो, एकत्र नाइट केल्या, एकमेकींची बाळंतपणं निभावली. वॉर्डातले पेशंट आणि मावशी आम्हाला 'जोडीच्या सिस्टर' म्हणायच्या. पण त्या वर्षी तेवीस वर्षांची, नुकतीच डिग्री झालेली मुलगी आमच्या वॉर्डाची इन्चार्ज म्हणून आली. मुलगी चांगली होती, तिचा राग नव्हता. पण ज्या मुलीला सलाईनचा हिशेब आम्ही समजावून दिला, तीच आमच्या ऑफच्या यादीवर सही करू लागली, तेव्हा मनाला लागायचं. मेट्रनबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं, वरच्या जागेला डिग्री लागते. तुमचा अनुभव मी कुठल्या रकान्यात लिहू?"

डिग्रीचा सरळ रस्ता आम्हाला ठाऊक होता. जी.एन.एम. झालेल्या नर्सेससाठी कॉलेजात दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम असतो. महाराष्ट्रात १९९८ साली स्थापन झालेल्या, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी त्याला मिळते. पण तो पूर्णवेळ! दोन वर्षं नोकरी सोडायची. माझा पगार तेव्हा साडेनऊ हजार होता. ह्यांची नोकरी एका छोट्या पतपेढीत, घराचं कर्ज डोक्यावर, लेक सहावीत, मुलगा पहिलीत आणि सासूबाईंना साखरेचा त्रास. दोन वर्षं पगाराविना? विचारही करवत नव्हता. त्यामुळे तो गुलाबी कागद आम्हाला देवानेच धाडल्यासारखा वाटला.

दुसऱ्याच दिवशी बाजारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघी गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी चहा मागवला. दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठाचं चकचकीत पुस्तक दाखवलं. फी पंचेचाळीस हजार, वीस आता आणि पंचवीस सहा महिन्यांनी. मैत्रिणीने त्याच आठवड्यात पाटल्या गहाण ठेवून पहिला हप्ता भरला. मी लेकीच्या नावावरची मुदतठेव मोडायचं ठरवलं. बँकेत जायचं म्हणून ऑफ मागायला मेट्रनबाईंकडे गेले, आणि त्यांनी सहज विचारलं, "कशाला गं हवा ऑफ?"

मी आनंदाने सगळं सांगितलं. त्या ऐकता ऐकता गंभीर झाल्या.

"पैसे भरलेस?"

"नाही, उद्या भरणार."

"मग आज तीन प्रश्न विचार. विद्यापीठ खरं आहे का, आणि त्याला ही पदवी अशा पद्धतीने द्यायची परवानगी आहे का? इंडियन नर्सिंग कौन्सिल हा अभ्यासक्रम मानतं का? आणि प्रॅक्टिकल कुठे होणार, कोण घेणार? तिन्हींची उत्तरं कागदावर मिळाली तर खुशाल भर."

मला कौन्सिलचा प्रश्न नीटसा कळला नाही. विद्यापीठ डिग्री देणार, मग कौन्सिलचा काय संबंध? मेट्रनबाईंनी समजावलं, ते मी आजवर कित्येक मुलींना सांगितलं आहे. डिग्री विद्यापीठ देतं हे खरं. पण नर्स म्हणून आपलं नाव राज्याच्या कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये असतं आणि त्या रजिस्ट्रेशनवर आपण काम करतो. कुठलं शिक्षण मानायचं ते १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेलं इंडियन नर्सिंग कौन्सिल ठरवतं. पुढे घेतलेली डिग्री आपल्या नावापुढे 'अतिरिक्त पात्रता' म्हणून चढली, तरच ती नर्सिंगच्या नोकरीत धरली जाते. म्हणजे दाराला दोन कुलपं, आणि एकाच किल्लीने दार उघडत नाही!

"आणि प्रॅक्टिकलचं काय?" मी विचारलं.

त्या हसल्या. "पोस्टाने सुई टोचायला शिकलेली नर्स तुझ्या आईला चालेल का?"

संध्याकाळी मी त्या मोबाइल नंबरवर फोन लावला. पहिल्या प्रश्नाला उत्तर आलं, "मॅडम, विद्यापीठ पूर्ण मान्यताप्राप्त आहे." कौन्सिलचं विचारल्यावर, "ते प्रोसेसमध्ये आहे." आणि प्रॅक्टिकलचं विचारल्यावर गृहस्थ मोठ्याने हसले. "तुम्ही हॉस्पिटलातच काम करता की! तेच तुमचं प्रॅक्टिकल. फाइल आम्ही बनवून देऊ."

त्या शेवटच्या वाक्याने माझी मुदतठेव वाचली. पेशंटचा चार्ट न तपासता भरला तर त्याचं काय होतं, हे कुठल्याही नर्सला सांगावं लागत नाही. आमच्या शिक्षणाचा चार्टच कुणी दुसरा भरून देणार होता!

मैत्रिणीला सांगायला गेले. पण कशी? तिने पाटल्या गहाण टाकलेल्या, नवी वही आणलेली, नवऱ्याला पटवलेलं. मी आपलं चाचरत म्हटलं, "जरा कौन्सिलला विचारून घे ना." ती म्हणाली, "तुझा स्वभावच शंकेखोर. अशाने तू जन्मभर स्टाफ नर्सच राहशील." मला राग आला आणि मी गप्प बसले. तेव्हा तिचे वीस हजार गेले होते, पंचवीस हजार अजून तिच्या हातात होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

मग मेट्रनबाईंनी मला इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा रस्ता दाखवला. १९८५ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेलं हे केंद्रीय विद्यापीठ. नोकरीत असलेल्या नर्सेससाठी त्यांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम होता आणि इंडियन नर्सिंग कौन्सिल तो अतिरिक्त पात्रता म्हणून मानत होतं. पण अटी होत्या. बारावीनंतर जी.एन.एम. केलेलीला दोन वर्षांचा अनुभव हवा, दहावीनंतर केलेलीला पाच वर्षांचा. प्रवेश परीक्षा. कमीत कमी तीन वर्षं, म्हणजे कॉलेजापेक्षाही एक वर्ष जास्त. सगळं इंग्रजीतून. आणि नेमून दिलेल्या केंद्रावर प्रॅक्टिकलला हजेरी सक्तीची.

मला आधी हिरमुसायला झालं. गुलाबी कागदावर एक वर्ष, इथे तीन. तिथे हजेरी नाही, इथे सक्ती. त्यात त्या वर्षीच्या अर्जाची मुदत निघून गेलेली! मेट्रनबाई म्हणाल्या, "जिथे तुला त्रास देतात, तिथेच तुला शिकवतात, असं समज."

त्या रात्री मी दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. एकीकडे कॉलेजची फी आणि दोन वर्षांचा बुडणारा पगार, म्हणजे दोन लाख अठ्ठावीस हजार रुपये. दुसरीकडे इग्नूची दर वर्षी भरायची फी, केंद्रावर जायचं एस.टी.चं भाडं, तिथलं राहणं-खाणं आणि बिनपगारी रजा. पुस्तकं फीमध्येच मिळत होती. नोकरी चालू राहणार होती. हिशेबात हाच आकडा सगळ्यात मोठा होता. आणि गुलाबी कागदाचे पंचेचाळीस हजार? आकडा लहान दिसत होता, पण हाती काहीच येणार नसेल तर ते सगळ्यात महाग! स्वस्त कशाला म्हणायचं, हे मला त्या वहीने शिकवलं.

२०११ च्या उन्हाळ्यात मैत्रिणीच्या हातात सर्टिफिकेट आलं. तिने वॉर्डात पेढे वाटले. मी तेव्हा प्रवेश परीक्षेची तयारी करत होते. सासूबाई पेढा खाता खाता म्हणाल्या, "तिची झाली बघ. तुझं आपलं अजून चाललंय." ह्यांनी मान खाली घातली. त्या रात्री मला झोप आली नाही. आपणच मूर्ख ठरलो की काय?

जानेवारी २०१२ मध्ये माझा अभ्यास सुरू झाला. केंद्र एस.टी.ने तीन तासांवर होतं. नाइट संपवून सकाळच्या गाडीत बसायचं आणि गाडीत झोपायचं. असाइनमेंट हाताने लिहायच्या. त्या मी पोळ्या झाल्यावर ओट्यावरच लिहायची. पानांना पिठाचे डाग पडायचे. इंग्रजी हा तर डोंगर! वॉर्डात इंग्रजी शब्द वापरणं वेगळं आणि पानभर उत्तर लिहिणं वेगळं. लेक तेव्हा आठवीत गेली होती. ती माझी वाक्यं तपासायची आणि "आई, इथे 'वॉज' नाही, 'वेअर' येतं," म्हणून लाल पेनाने खुणा करायची. तिच्यापुढे चुकायची लाज सोडली, तेव्हा कुठे लिहिता यायला लागलं.

एकदा केंद्रावर प्रॅक्टिकल चालू असताना मुलगा तापाने फणफणला. ह्यांचा फोन आला. परत जावं तर हजेरी बुडते. तेव्हा सासूबाईंनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "मी चार पोरं वाढवली आहेत. तू तुझं पुरं करून ये." त्या दिवसानंतर त्यांनी पेढ्यांचा विषय कधी काढला नाही.

पहिल्याच वर्षी जीवरसायनशास्त्राच्या पेपरात मी नापास झाले. पुन्हा दिला. तीन वर्षांचा अभ्यास मला चार वर्षं पुरला.

पण त्या केंद्रावर मला काय मिळालं ते सांगते. ऑपरेशन झालेला एक पेशंट खूप अस्वस्थ होता, सारखा उठून बसत होता. मी सवयीने म्हटलं, "डॉक्टरांना कळवते, झोपेचं औषध लागेल." शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "तो अस्वस्थ का आहे?" मला उत्तर देता येईना. त्या म्हणाल्या, "आधी बघ. श्वास बघ, नाडी बघ, पोटाला हात लाव." ओटीपोट तट्ट फुगलेलं होतं, लघवी अडकली होती. डॉक्टरांना तेच कळवलं, उपाय झाला आणि पेशंट शांत झोपला. झोपेच्या औषधाने ते सगळं झाकलं गेलं असतं. नऊ-दहा वर्षं मी 'कसं करायचं' ते करत होते. 'का' हे मला त्या दिवसापर्यंत कुणी विचारलं नव्हतं. आपल्या कामाकडे बघणारं आणि प्रश्न विचारणारं कुणीतरी शेजारी उभं असावं लागतं. हे फाइलमध्ये मिळत नाही.

२०१३ मध्ये मैत्रिणीने एका नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटरच्या जागेसाठी अर्ज केला. कागदपत्रांची तपासणी झाली. राज्याच्या कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये तिच्या डिग्रीची नोंद नव्हती आणि ती होण्यासारखीही नव्हती. ती झेरॉक्सच्या दुकानावर गेली. खोलीला कुलूप होतं, मोबाइल बंद. ती चेंजिंग रूममध्ये त्या लोखंडी कपाटाला टेकून रडत होती.

खरं सांगते, तिला तशी पाहून आधी क्षणभर मला बरं वाटलं. 'मी सांगितलं होतं,' असं मनात आलं. पुढच्याच क्षणी माझी मलाच शरम वाटली. सांगितलं होतं म्हणजे काय सांगितलं होतं? एकदा, चाचरत, अर्धं वाक्य! पेशंटचं रक्त चुकीच्या गटाचं येत असेल तर मी असं अर्धं वाक्य बोलून गप्प बसले असते का?

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "तुला माहीत होतं. मग मला हलवून का नाही सांगितलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कित्येक महिने आम्ही एकाच वॉर्डात फक्त कामापुरतं बोलत होतो. पुढे ते सैल झालं, पण तो प्रश्न कुठे गेला नाही. २०१६ मध्ये माझी डिग्री कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये चढली आणि पुढच्या वर्षी मी इन्चार्ज झाले. पहिलं अभिनंदन तिने केलं. तिच्या अंगावर त्या पाटल्या पुन्हा दिसल्या, पण डिग्री तिने परत केली नाही. "आता जीव नाही उरला गं," म्हणाली.

मागच्या वर्षी ती तिच्या मुलीला घेऊन घरी आली. मुलगी जी.एन.एम. झालेली, पुण्यात नोकरीला. मुलीच्या मोबाइलवर जाहिरात होती: 'शंभर टक्के ऑनलाइन नर्सिंग डिग्री. परीक्षा नाही.' गुलाबी कागद काचेत शिरला होता, एवढंच!

"मावशी, अमेरिकेतल्या नर्सेस ऑनलाइनच डिग्री करतात ना?" मुलीने विचारलं.

"करतात," मी म्हटलं. तिथे आधीच नर्सचा परवाना असलेल्या, नोकरी करणाऱ्या नर्सेससाठी असे अभ्यासक्रम आहेत आणि चांगले आहेत. पण तिथेही शहाण्या नर्सेस आधी मान्यता बघतात. सी.सी.एन.ई. किंवा ए.सी.ई.एन. या नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का, ते विचारतात. बऱ्याच अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाचे तास आपल्या भागात भरून द्यावे लागतात. आणि तिथली मान्यता आपल्या कौन्सिलला आपोआप चालत नाही. आपल्याकडे यूजीसीच्या २०२० च्या नियमांनी जे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीसाठी बंद केले, त्यांत नर्सिंगचं नाव आहे. इग्नूची गोष्ट कौन्सिलच्या मान्यतेमुळे वेगळी होती. तोही रस्ता माझ्या वेळी होता तसाच आहे असं धरून चालू नये. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीचं माहितीपत्रक बघावं आणि कौन्सिलकडून खात्री करावी. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला आहे, तेव्हा नियम बदलत राहणार. तीन प्रश्न मात्र बदलत नाहीत.

मी ते तीन प्रश्न एका कागदावर लिहून दिले. विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या यादीत, त्यांनी जाहीर केलेल्या बोगस विद्यापीठांच्या यादीतसुद्धा, स्वतः बघ. कौन्सिलकडे लेखी विचार. प्रॅक्टिकल कुठे, कोण घेणार, ते विचार. खाली चौथी ओळ मी माझी घातली: 'फीबरोबर पगाराचाही हिशेब मांड, आणि हॉस्पिटलकडे शिक्षणासाठी रजा मिळते का ते आधी विचार. न विचारता नाही समजू नकोस.'

मुलगी कागद वाचत होती. तेवढ्यात मैत्रिणीने तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि जाहिरातीतला नंबर लावला. स्पीकर चालू केला. गोड आवाजात माहिती सुरू झाली. तिने मध्येच थांबवून विचारलं, "प्रॅक्टिकल कुठे होणार? कोण घेणार?"

"त्याची काळजी करू नका मॅडम, ते आम्ही ॲडजस्ट..."

तिने फोन बंद केला. माझ्याकडे पाहून म्हणाली, "बघ, असं विचारायचं असतं. मोठ्याने."

मी मान डोलावली आणि चहा ठेवायला उठले.

मुलीने आता दोन वर्षांच्या पोस्ट बेसिकसाठी कॉलेजात अर्ज भरला आहे. रजेचा अर्ज हॉस्पिटलच्या ऑफिसात पडून आहे, अजून उत्तर आलेलं नाही. मैत्रीण दर दोन दिवसांनी तिला फोन करून विचारते, "काय म्हणाले गं ऑफिसवाले?" आणि लगेच मला कळवते.